जुन्या धातुवस्तूंचें जतन व हार्वर्ड येथील उमेदवारी

कांहीं वर्षांपूर्वीं एका गृहस्थांच्या घरीं आम्हांस एक ताम्रपट पाहावयास मिळाला. विहिरीचें काम चालू असतां तो सांपडला होता. आणि देवाचीं भांडीं घासावीं त्याप्रमाणें चिंच व राख लावून घरांतील मंडळींनीं तो मोठ्या भक्तीनें लखलखीत केला होता. राजाची वंशावळ कशीबशी वाचतां येत होती. परंतु दिलेल्या जमिनीच्या चतुःसीमा, म्हणजे ज्यावरून जुन्या गांवांचा पत्ता लागावयाचा तोच भाग, जवळजवळ पुसून गेला होता. गृहस्थांचा हेतु उत्तम होता याविषयीं शंका नाहीं. जुन्या वस्तूंचें नुकसान हितचिंतकांच्या हातूनहि पुष्कळ झालें आहे, आणि तें टाळण्याची विद्या मुद्दाम शिकावी लागते. ती शिकविण्याची एक जुनी व नांवाजलेली व्यवस्था अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या कलासंग्रहालयांत आहे. तिची माहिती आमच्या वाचकांपैकीं संग्राहकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

या विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयाचे संचालक एडवर्ड फोर्ब्स यांनीं १९२८ सालीं तेथें वस्तूंच्या शास्त्रीय परीक्षणाचा व जतनाचा स्वतंत्र विभाग काढला. जॉर्ज स्टाउट व रसायनज्ञ रदरफोर्ड गेटन्स हे त्याचे आरंभींचे आधारस्तंभ. १९३२ पासून १९४२ पर्यंत या विभागानें याच विषयाला वाहिलेलें एक त्रैमासिक चालविलें, आणि १९४२ त उभयतांनीं चित्रकलेच्या द्रव्यांचा लहानसा कोश प्रसिद्ध केला. तो अजूनहि अभ्यासकांच्या हातीं असतो. विभागास आज स्ट्रॉस केंद्र असें नांव आहे.

फोर्ब्स यांनीं देशोदेशींहून जमविलेला रंगांचा संग्रह पोथ्या जमविणारांनीं विशेष ध्यानांत घ्यावा असा आहे. त्यांत आज अडीच हजारांहून अधिक नमुने आहेत. बंगाल इलाख्यांतील मुंगेरजवळ आंब्याचा पाला खाऊं घातलेल्या गाईंच्या मूत्रापासून पिवळा रंग करीत, असा वृत्तांत त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनीं १८८३ त लिहून धाडला होता. त्या रंगाचा नमुनाहि तेथें आहे. सचित्र पोथींतील पिवळा रंग हा कीं हरताळ, हें डोळ्यांनीं ठरत नाहीं. खात्रीच्या नमुन्याशीं ताडून पाहावें लागतें. पेशवाईंतील म्हणून दाखविलेल्या चित्रांत टायटेनियमचा पांढरा रंग निघाला, तर तेवढा भाग तरी १९२० च्या सुमारास किंवा त्यानंतर रंगविलेला आहे, असें निःशंक म्हणतां येतें. कारण तो रंग त्यापूर्वीं बाजारांतच नव्हता.

आतां अभ्यासवृत्तीविषयीं. ती नवशिक्यास मिळत नाहीं. जतनशास्त्राचें पदव्युत्तर शिक्षण पुरें केलेले, परंतु स्वतंत्र जबाबदारीचा अनुभव नसलेले तरुण तीस पात्र होतात. चित्रें, कागदावरील कृति, आणि मूर्ति व इतर वस्तु अशा तीन शाखा असून, उमेदवार एका शाखेंत सुमारें एक शैक्षणिक वर्ष मुरब्बी जतनकारांच्या देखरेखीखालीं काम करतो. निर्वाहापुरतें वेतन मिळतें. संग्रहालयांतील खऱ्या वस्तु हातीं येतात. शिवाय एखादा प्रश्न घेऊन त्यावर संशोधन करून तें मांडावें लागतें. आपल्याकडे दफ्तरांत उमेदवारी करणारा कारकून आधीं मोडी वळणें घोटतो, मग त्यास मूळ रुमालास हात लावूं देतात. तसाच कांहींसा हा प्रकार आहे.

मूर्ति हातीं आली कीं प्रथम औषध नाहीं, टिपण. तिरप्या उजेडांत छायाचित्र, सूक्ष्मदर्शक, अतिनील प्रकाश, क्ष-किरण, आणि या सर्वांची लेखी नोंद. कांशाच्या मूर्तीचेंच उदाहरण घेऊं. तिच्यावरील घट्ट हिरवा किंवा तांबूस थर हा मळ नव्हे. पुष्कळदां मूळ पृष्ठभाग, कोरलेलीं अक्षरें, गुंडाळलेल्या वस्त्राचे धागे हे सर्व त्या थरांतच उरलेले असतात. याउलट फिकट हिरवी, भुकटीसारखी पुटकुळी दिसली तर तो रोग समजावा. जमिनींतील मिठामुळें तांब्याचें क्लोराइड आंत तयार झालेलें असतें. त्यास दमट हवा लागली कीं भुकटी व आम्ल उत्पन्न होतें, तें आम्ल पुन्हां तांबें खातें, आणि हें चक्र धातु संपेपर्यंत चालूं शकतें. १९२० नंतरच्या काळांत विजेच्या साह्यानें सगळा थर उतरवून टाकण्याची रीत कांहीं संग्रहालयांत लोकप्रिय होती. रोगाबरोबर रोग्याचा चेहराहि गेला! पुढें गेटन्स यांनीं या थरांतील खनिजांचा बारकाईनें अभ्यास केला. १९६७ पासून बेंझोट्रायझोल हें द्रव्य प्रचारांत आलें. पण तेंहि विषारी असल्यानें जपून वापरावें लागतें, आणि सर्वांत सोपा उपाय वस्तु कोरड्या हवेंत ठेवणें हाच राहिला आहे. जें लावावयाचें तें पुढें काढतां येईल असेंच असावें, हा दंडक उमेदवाराच्या अंगवळणीं पाडतात.

या संस्थेचा इतिहास निष्कलंक नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. १९२४ त फॉग संग्रहालयातर्फे लँग्डन वॉर्नर चीनमधील तुनहुआंगच्या लेण्यांत गेले. सरसांत भिजविलेलें कापड भिंतीवर चिकटवून त्यांनीं चित्रांचे तुकडे काढले, आणि ३२८ व्या लेण्यांतील गुडघे टेकलेली बोधिसत्त्वाची रंगीत मृण्मूर्तिहि उचलून आणली. पुढच्याच वर्षीं दुसरी मोहीम गेली तेव्हां तेथील लोकांनीं त्यांस कामच करूं दिलें नाहीं, आणि तें योग्यच झालें असें आमचें मत आहे. चित्रांस इजा झाली. लेण्यांच्या भिंतींवर त्या जागा आजहि उघड्या दिसतात. ज्या संग्रहालयानें हें केलें त्याच्याच प्रयोगशाळेंत पुढें, मूळ द्रव्य काय, वरून लावलेलें काय, हें पारखण्याची शिस्त वाढली. उमेदवारास हा इतिहास ठाऊक असावा हेंच बरें.

आमच्या वाचकांच्या घरीं ताम्रपट किंवा जुन्या मूर्ति असतील त्यांनीं चिंच, लिंबू, राख यांपासून त्या दूर ठेवाव्या. चिंचेंतील आम्ल अक्षरांच्या कडा धरून असलेला थरच विरघळवितें. कोरड्या सुती कापडांत गुंडाळून, सांपडल्याची जागा व तारीख लिहून ठेवावी. हिरवी भुकटी दिसल्यास ती वस्तु इतरांपासून वेगळी करून जाणकारास दाखवावी.

वर सांगितलेल्या ताम्रपटाचीं आम्हीं मागाहून तिरप्या उजेडांत चारी बाजूंनीं छायाचित्रें घेतलीं. पूर्वेच्या सीमेवरील ओढ्याच्या नांवाचीं दोन अक्षरें व पश्चिमेकडील गांवाचें शेवटचें अक्षर एवढें लागलें आहे. उत्तर व दक्षिण या दोन्ही बाजू कोऱ्या आहेत.