दरडीचे आश्रित, दुष्काळाचे उपरे

बोरघाट चढून लोणावळ्यास पोहोचलेल्या प्रवाशाला, वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस अंगावर घेणारा हा मुलूख सुखवस्तू भासावा, ह्यात नवल नाही; परंतु ज्या पावसाने आंदर, नाणे आणि पवन मावळातील भातखाचरे पोसली, त्यानेच येथील माणसाला डोंगराच्या पायथ्यावरून वेळोवेळी उठविले, आणि तोच पाऊस सोलापूर-मराठवाड्याकडे रुसला म्हणजे तिकडील माणूस मावळाच्या वेशीवर येऊन उभा राहिला. यजमान गाव मात्र ह्या दोघा निर्वासितांना एका मापाने मोजीत नाही.

दरड क्षणार्धात कोसळते. 1989 च्या जुलैत ती भाजे गावावर आली. 30 जुलै 2014 रोजी पुणे जिल्ह्यातच, आंबेगाव तालुक्यातील माळीण तिने सुमारे दीडशे माणसांसह गाडून टाकले. आणि 19 जुलै 2023 च्या रात्री घाटाखाली, खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीच्या ठाकर वस्तीवर तिने घाला घातला. अशा वेळी माणुसकीला भरते येते, धान्याच्या आणि चादरींच्या गाड्या दूरदुरून येतात, आणि आपद्ग्रस्त कोठला कोण हे कोणी विचारीत नाही. परंतु हा ओघ ओसरून पुनर्वसनाच्या जागेचा प्रश्न महसूल दप्तरी दाखल झाला, की दयेची जागा हिशेब घेतो. कारण जे गायरान नव्या वस्तीसाठी मागितले जाते, त्यावर कोणाची तरी गुरे चरत असतात. माळीणकरांना आमडे येथे पक्की घरे मिळेपर्यंत 2017 साल उजाडले. आणि घर नवे मिळाले तरी शेत काही बरोबर उचलून नेता येत नाही, ही गोष्ट नकाशावर गावे वसविणारांच्या ध्यानी सहसा उशिराच येते.

दुष्काळाला तारीख नसते. विहीर आटते, जनावर विकले जाते, मुकादमाची उचल घ्यावी लागते, अशा पायऱ्यापायऱ्यांनी गाव सुटते. त्यामुळे 1972 च्या दुष्काळात खडी फोडून दिवस काढलेली आणि पुढे पिंपरी-चिंचवड, तळेगावच्या कारखानदारीकडे वळलेली कुटुंबे आपद्ग्रस्त म्हणून कोणत्याही पंचनाम्यात आली नाहीत. त्यांना ‘जगायला आलेले’ हे विशेषण तेवढे चिकटले. नळ, शिधापत्रिका, कारखान्यातील हंगामी काम, अशा प्रत्येक ठिकाणी स्थानिकाला हा माणूस वाटेकरी दिसतो.

ही तक्रार कोत्या मनाची म्हणून उडवून लावणे मला अन्यायाचे वाटते. पवना धरणाखाली येथील शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि त्यांतील अनेकांच्या पर्यायी जमिनीचा प्रश्न अर्धशतक रेंगाळला. त्याच धरणाचे पाणी बंद जलवाहिनीतून वाढत्या पिंपरी-चिंचवडकडे नेण्याच्या योजनेविरुद्ध 9 ऑगस्ट 2011 रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ शेतकरी उतरले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघांचे प्राण गेले. त्यांचे भांडण दुष्काळी मजुराशी नव्हते, सरकारशी होते. पण प्रत्येक दुष्काळागणिक ज्या शहराची वस्ती वाढते, त्याची तहान भागविताना आधी कोणाची जमीन बुडाली हे कारभाऱ्यांनी विचारात घेतले नाही, म्हणजे अशा रागाचा वाटा अखेरीस सर्वांत दुबळ्या भाडेकरूच्याच पदरी पडतो.

ह्याच मुलखात, 1630 च्या भीषण दुष्काळाने आणि लष्करी धामधुमीने गावे ओस पडली असता, इस्ताव्याचा कौल देऊन, म्हणजे पहिली वर्षे सारा नाममात्र ठेवून तो क्रमाक्रमाने चढवीत, जमिनी पुन्हा लागवडीस आणल्या गेल्या; येणाराला काय मिळणार ते कौलातच ठरलेले असे. आज दरडप्रवण गावांच्या याद्या सरकारजवळ तयार आहेत. तेव्हा त्या गावांसाठी पर्यायी जागा, आणि ती देणाऱ्या गावाचा मोबदला, पावसाळ्यापूर्वीच लेखी मुक्रर व्हावा, आणि दुष्काळाने घर सोडलेल्या कुटुंबाला रहिवासाच्या दाखल्यासाठी तिष्ठत ठेवू नये, ही मागणी मावळच्या ग्रामसभांनीच आता पुढे करावयास हवी.