चढ चढवतात ते दाते

मंडळी, तुमच्यापैकी जे घाटात वाढले त्यांना एसटीचा तो आवाज आठवत असेल. चढ लागला की ड्रायव्हर गियर खाली टाकतो, इंजिन ओरडायला लागतं आणि गाडी मात्र हळू होते. डोंगर चढायचं निम्मं शास्त्र त्या आवाजात आहे. पीएचडी करूनही मला ते कळायला कोलोरॅडोत एकदा आपटावं लागलं.

दोन उन्हाळ्यांपूर्वी मी माझी ४०० सीसीची डर्ट बाईक घेऊन युरे गावाकडून इमोजीन पासला निघालो होतो. ही खिंड १३,११४ फुटांवर, म्हणजे जवळजवळ ४,००० मीटरवर आहे. शेवटच्या टप्प्यात दगडांची पायरी आली. मी वेग कमी केला, इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं. पुढचा ब्रेक दाबला, तरी सुट्या खडीवरून गाडी मागे घसरू लागली. डावीकडे दरी होती. मी गाडी डोंगराच्या बाजूला पाडली आणि पायाच्या नडगीवर निभावलं. त्याआधी तासभर क्लच अर्धवट दाबून चालवत होतो, त्याचा जळका वास येतच होता.

घरी आल्यावर पहिला विचार आला, मोठं इंजिन हवं! मग कागद-पेन घेऊन बसलो.

गाडी, मी आणि सामान मिळून २३० किलो धरा. २० अंशांच्या चढावर गुरुत्वाकर्षण आपल्याला सुमारे ७७० न्यूटन बलाने मागे खेचतं. ताशी १२ किलोमीटरने चढायला लागणारी शक्ती फक्त साडेतीन अश्वशक्ती! खडी आणि धक्क्यांसाठी ती दुप्पट धरली तरी सात. ४,००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच असते, म्हणून इंजिनाची ताकदही साधारण तेवढीच उरते. तरीही ४०० सीसीच्या इंजिनाकडे वीसेक अश्वशक्ती शिल्लक राहते.

मग अडलं कुठे? ही शक्ती मिळते ती इंजिन जोरात फिरत असताना. मी दगडांमध्ये हळू जात होतो, म्हणजे इंजिनही हळू फिरत होतं.

उदाहरणासाठी सुझुकीची डीआर-झेड ४०० एस घेऊ. तिच्या पुढच्या स्प्रॉकेटला १५ दाते आणि मागच्याला ४४, म्हणजे गुणोत्तर २.९३. पहिल्या गियरमध्ये चाक एकदा फिरायला इंजिनाला सुमारे २० फेरे घ्यावे लागतात. चाकाचा घेर २.१ मीटर. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल तर वेग होतो ताशी १२.७ किलोमीटर. दगडांमध्ये त्याहून हळू जायचं, तर एकतर इंजिन आचके देणार, नाहीतर तुम्ही क्लच जाळणार. मी दोन्ही केलं.

आता पुढे १४ दाते आणि मागे ४७ लावा. गुणोत्तर ३.३६. तेवढ्याच फेऱ्यांना वेग ताशी ११.१ किलोमीटर, आणि चाकावरचा पीळ १४ टक्के जास्त. आकडा छोटा वाटतो ना? पण एक गंमत पाहा. त्याच वेगाला इंजिन आता १४ टक्के जास्त वेगाने फिरतं. फिरत्या फ्लायव्हीलमधली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ती ३१ टक्क्यांनी वाढते. चाक दगडाला धडकतं त्या क्षणी हीच साठवलेली ऊर्जा इंजिनाला बंद पडू देत नाही.

तुम्हाला करून बघायचं असेल तर लक्षात ठेवा: पुढचा एक दाता कमी करणं म्हणजे मागचे साधारण तीन दाते वाढवणं. पुढचं स्प्रॉकेट स्वस्त आणि बदलायला सोपं, म्हणून सुरुवात तिथून करा. पण ते जितकं लहान, तितकी चेन जास्त वाकते आणि लवकर झिजते. मागे दाते वाढवले तर चेन आखूड पडू शकते. काहीही बदललंत तरी चेनचा ताण पुन्हा तपासा.

फुकट मात्र काहीच नाही. हायवेवर त्याच वेगाला इंजिन १४ टक्के जास्त फिरेल, आवाज आणि कंप वाढतील. सुट्या खडीवर टायरची पकडच कमी असेल तर जास्तीचा पीळ चाक नुसतं जागेवर फिरवेल. आणि तीव्र चढावर थ्रॉटल एकदम पिळलात तर पुढचं चाक उचललं जाईल, तेव्हा अंग पुढे झुकवायला विसरू नका.

गेल्या उन्हाळ्यात त्याच पायरीवर पुन्हा गेलो, १४ आणि ४७ घेऊन. क्लचवरचं बोट काढलं आणि गाडी शांतपणे टकटक करत वर चढली. वर पोहोचल्यावर पाय थरथरत होते, पण या वेळी वास फक्त पाइन झाडांचा होता, तोही खालच्या जंगलातून कपड्यांबरोबर आलेला.

तुमच्या गाडीचे दाते किती? मोजा, भागाकार करा आणि आम्हाला जरूर कळवा.