जुना ‘छोटा हत्ती’ घेताना : इंजिन ठणठणीत, पण गाडी कोणाच्या नावावर?

भाजीचा गाळा, दूध संकलन केंद्र, मंडप-डेकोरेशन, फर्निचरचे दुकान किंवा घरसामान हलवण्याचा धंदा. यांपैकी काहीही नव्याने उभे करणाऱ्याची पहिली मोठी खरेदी बहुधा जुन्या मालवाहू पिकअपची असते. नव्या गाडीचे हप्ते झेपत नाहीत आणि भाड्याचा टेम्पो रोज परवडत नाही. मग ओळखीतला मेकॅनिक बरोबर घेऊन गाडी पाहिली जाते, इंजिन चालू करून धूर तपासला जातो, टायर पाहिले जातात, भाव ठरतो. विक्रेता फॉर्म 29 आणि फॉर्म 30 वर सह्या करून देतो, खरेदीदाराचे नाव आणि तारीख यांच्या जागा कोऱ्याच राहतात आणि गाडी निघते. ‘नावावर करू सावकाश’ या एका वाक्यावर देशभरात असे असंख्य व्यवहार होतात. इंजिनातला दोष फार तर काही हजारांचा खर्च काढतो. या वाक्यातून उद्भवणारी जबाबदारी मात्र आयुष्याची कमाई घालवू शकते.

लहान मालवाहू गाड्यांची ही बाजारपेठ फार जुनी नाही. मराठीत कोणत्याही छोट्या मालवाहू गाडीला ‘टेम्पो’ म्हणतात. हे नाव मूळचे जर्मनीतील हॅम्बर्गजवळच्या एका कंपनीच्या गाड्यांचे. फिरोदिया यांच्या बजाज टेम्पोने तिच्या तीनचाकी गाड्या भारतात बनवल्या आणि कंपनीचे नाव सामान्यनाम होऊन बसले. 2005 मध्ये या कंपनीने ‘फोर्स मोटर्स’ हे नाव घेतले. योगायोग असा, की त्याच वर्षी मे महिन्यात टाटा मोटर्सने ‘एस’ बाजारात आणली. 702 सीसीचे दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन, 16 अश्वशक्ती, सुमारे पाऊण टन माल आणि चार चाके असलेली ही गाडी गल्लीबोळांत शिरू लागली आणि लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ हे नाव दिले. पुढे महिंद्रा, अशोक लेलँड आणि मारुती सुझुकी याच वर्गात उतरल्या. आज जुन्या बाजारात दिसणाऱ्या बहुतेक गाड्या याच घराण्यातल्या आहेत.

या व्यवहारात सर्वाधिक वापरला जाणारा शब्द म्हणजे ‘पासिंग’, आणि सर्वाधिक गोंधळही तोच घालतो. ‘गाडी एमएच-12 पासिंग आहे’ म्हणजे तिची नोंदणी पुण्यातली आहे. ‘पाऊण टन पासिंग आहे’ म्हणजे तेवढा माल भरण्याची कायदेशीर मुभा आहे. ‘पासिंग संपले आहे’ म्हणजे योग्यता प्रमाणपत्राची मुदत उलटली आहे. विक्रेता ‘पासिंगचे काही टेन्शन नाही’ असे सांगतो तेव्हा तो या तिन्हींपैकी नेमके कशाविषयी बोलत आहे, हे विचारून घेतलेले बरे.

तिसऱ्या अर्थाचे पासिंग थेट खिशाला लागते. मालवाहू वाहनाला योग्यता प्रमाणपत्राशिवाय रस्त्यावर आणता येत नाही. नव्या गाडीला ते दोन वर्षांचे मिळते, गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागते. म्हणजेच नऊ-दहा वर्षांची गाडी स्वस्त दिसली, तरी तिला दरवर्षी चाचणीला उभे करण्याचा खर्च त्या किमतीत मोजायला हवा. मुदत उलटल्यावर दिवसाला 50 रुपये जादा शुल्काची तरतूद केंद्रीय नियमांत करण्यात आली. या हिशेबाने दोन वर्षे अंगणात उभ्या राहिलेल्या गाडीवर 36,500 रुपये चढतात. महाराष्ट्रात 2024 मध्ये याविरुद्ध रिक्षा आणि टेम्पोचालक रस्त्यावर उतरले आणि राज्य सरकारला वसुली स्थगित करावी लागली. अन्य राज्यांतील खरेदीदाराने मात्र स्थानिक परिवहन कार्यालयात चौकशी केल्याशिवाय ही सवलत गृहीत धरू नये. ‘गाडी बरेच दिवस बंद होती, म्हणून स्वस्तात देतोय’ या वाक्याचा अर्थ अनेकदा या आकड्यात दडलेला असतो.

तथापि, कळीचा मुद्दा मालकीचाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 नुसार विक्रेत्याने व्यवहाराची माहिती नोंदणी कार्यालयाला, गाडी त्याच राज्यात राहणार असेल तर 14 दिवसांत आणि दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर 45 दिवसांत कळवायची असते. खरेदीदाराने 30 दिवसांत हस्तांतरणासाठी अर्ज करायचा असतो. प्रत्यक्षात अनेक गाड्या एकाच कोऱ्या सह्यांवर दोन-तीन हात बदलतात. मधल्या दलालाला स्वतःच्या नावाची नोंद नको असते, शुल्क वाचते आणि नोंदणीपत्रात मालकांची संख्याही वाढत नाही. ‘फर्स्ट ओनर’ म्हणून विकली जाणारी प्रत्येक गाडी त्यामुळे एकाच माणसाने वापरलेली असतेच असे नाही.

याचे परिणाम काय होतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये स्पष्ट केले. त्या प्रकरणातील मोटार मूळ मालकाने 2007 मध्ये विकली होती. पुढे ती आणखी काही जणांच्या हाती गेली आणि 2009 मध्ये तिला जीवघेणा अपघात झाला. नोंदणीपत्रावर तोवर पहिल्याच मालकाचे नाव होते. कायद्याच्या दृष्टीने ज्याच्या नावावर नोंदणी तोच ‘मालक’, आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. अपघातग्रस्ताने गाडी हातोहात कोणाकोणाकडे गेली याचा माग काढत बसावे, अशी अपेक्षा कायदा करू शकत नाही, अशी त्यामागची भूमिका होती. मालवाहू गाडी दिवसभर रस्त्यावर असते, तिच्यावर अनेकदा पगारी चालक असतो. विकलेल्या पिकअपच्या बाबतीत हा धोका म्हणूनच अधिक तीव्र ठरतो.

विमा हा या दोरीचा दुसरा पेड. गाडीबरोबर तृतीय पक्ष विमा कायद्यानेच नव्या मालकाकडे जातो असे मानले जाते. पण त्याची नोंद करून घेण्यासाठी 14 दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा असतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण मात्र आपोआप मिळत नाही. विमापत्र जुन्या मालकाच्या नावे आणि गाडी नव्याच्या ताब्यात, अशा स्थितीत पुरात बुडालेल्या किंवा चोरीस गेलेल्या पिकअपचा दावा फेटाळला जाण्याची शक्यता मोठी असते. विक्रेत्याचा ‘नो क्लेम बोनस’ही त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे नव्या मालकाचा पहिला हप्ता जुन्या पावतीवरील रकमेपेक्षा जास्त येतो.

चालकाच्या परवान्याबाबतची एक जुनी शंका मात्र दूर झाली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिलेल्या निकालानुसार, हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्या व्यक्तीला एकूण 7,500 किलोपर्यंत वजनाचे मालवाहू वाहन चालवण्यासाठी वेगळ्या नोंदीची गरज नाही. स्वतःच गाडी चालवून धंदा करू पाहणाऱ्याला हा मोठा दिलासा आहे. शिवाय मालासह एकूण वजन 3,000 किलोपेक्षा जास्त नसलेल्या मालवाहू गाडीला कलम 66 अन्वये परमिटही लागत नाही. ‘छोटा हत्ती’ या मर्यादेत सहज बसतो. काही मोठे पिकअप ती ओलांडतात, म्हणून नोंदणीपत्रावरील एकूण वजनाचा आकडा पाहिल्याशिवाय भाव ठरवू नये.

कर्जाचा बोजा हा आणखी एक खड्डा. लहान मालवाहू गाड्या बहुतांशी कर्जावर घेतलेल्या असतात आणि हप्ते फिटल्यानंतरही नोंदणीपत्रावरून वित्तसंस्थेचे नाव काढायचे राहून जाते. त्यासाठी फॉर्म 35 आणि संस्थेचे ना-हरकत पत्र लागते. ‘लोन संपलेय, एनओसी येईल’ हे उत्तर पुरेसे नाही. पत्र हातात आल्यावरच मोठी रक्कम द्यावी. हप्ते थकल्याने वित्तसंस्थेने ओढून आणलेल्या ‘यार्डातल्या’ गाड्या लिलावात स्वस्त मिळतात, परंतु तेथे नोंदणीपत्र आणि ना-हरकत पत्र मिळण्यास लागणारा वेळ हाच खरा खर्च असतो. परिवहन मंत्रालयाच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर आणि ‘एमपरिवहन’ ॲपवर गाडीच्या क्रमांकावरून नोंदणी, योग्यता प्रमाणपत्र आणि विमा यांच्या मुदती पाहता येतात. प्रलंबित ई-चलनेही ऑनलाइन दिसतात. ही तपासणी काही मिनिटांची असते. चेसीवर कोरलेला क्रमांक नोंदणीपत्राशी प्रत्यक्ष ताडून पाहणे मात्र कोणतेही ॲप करून देत नाही. अंक घासलेले किंवा त्या जागी नवा रंग दिलेला आढळला, तर व्यवहार तेथेच थांबवावा.

राज्याची सीमा ओलांडली की गुंता वाढतो. कोल्हापुरातील एमएच-09 क्रमांकाची गाडी बेळगावच्या व्यापाऱ्याने घेतली किंवा इंदूरच्या मराठी कुटुंबाने नागपुरातून पिकअप नेली, तर मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म 28, लागते. गाडी 12 महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात राहणार असेल तर तेथे नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि तेथील करही भरावा लागतो. दिल्ली परिसरातील स्वस्त डिझेल गाड्यांचे मूळही कायद्यातच आहे. राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये तेथे दहा वर्षांवरील डिझेल वाहनांवर बंदी आणली आणि सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ती कायम केली. त्या आदेशांत पुढे फेरफार झाले असले, तरी तिकडच्या गाड्या इतर राज्यांत कमी भावाने उतरण्याची वाट तेव्हाच पडली. अशी गाडी घेताना भावात दिसणारी बचत कर, ना-हरकत आणि नव्या नोंदणीत किती उरते, याचा हिशेब आधीच मांडलेला बरा.

आता गाडीकडे. मालवाहू गाडीचे वय मीटरवरच्या किलोमीटरपेक्षा तिच्या हौद्यावरून अधिक कळते. फाळका वाकडा बसतो का, हौद्याचा पत्रा खालून कुजला आहे का, मागचे पाटे एका बाजूला बसले आहेत का, त्यांत एखादा नवाच पाटा वाढवलेला आहे का, हे पाहावे. वाढवलेला पाटा म्हणजे गाडीने वर्षानुवर्षे क्षमतेपेक्षा अधिक भार वाहिल्याची कबुलीच. चेसीवर वेल्डिंगचे ठिगळ असेल तर रंग कितीही चकचकीत असो, ती गाडी टाळावी. किनारपट्टीवर मासळी वाहणाऱ्या गाड्यांच्या हौद्यातून बर्फाचे खारे पाणी सतत झिरपते आणि चेसी आतून खाल्ली जाते. गाडीखाली आडवे होऊन टॉर्चने पाहिल्याखेरीज हे कळत नाही. इंजिन नेहमी थंड असताना चालू करून पाहावे. विक्रेत्याने आपण येण्याआधीच ते गरम करून ठेवले असेल तर त्याला कारण असते. निळा धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर उत्तम पळते, त्यामुळे शक्य असल्यास माल भरून चढावर फेरी मारावी. सीएनजी गाडी असेल तर टाकीची दर तीन वर्षांनी होणारी दाबचाचणी कधी झाली, हे तिच्यावरील पट्टीवरून पाहावे.

क्षमतेहून अधिक माल हा या धंद्यातला उघड व्यवहार आहे. पाऊण टनाच्या गाडीत सव्वा टन सिमेंट किंवा कांदा पाहून कोणालाही नवल वाटत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी 20,000 रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे 2,000 रुपये दंड आहे. छोट्या पिकअपचे एवढे भाडे सुटायला अनेक फेऱ्या लागतात. म्हणूनच आपल्या धंद्याचा रोजचा माल किती आणि गाडीची नोंदलेली क्षमता किती, हा हिशेब भाव विचारण्याआधी करणे शहाणपणाचे.

दलालाऐवजी नोंदणीकृत विक्रेत्याकडून गाडी घेण्याचा पर्याय आता कायद्याने अधिक स्पष्ट झाला आहे. केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये अधिसूचित केलेले नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. त्यांनुसार जुन्या वाहनांच्या अधिकृत विक्रेत्याकडे गाडी सोपवल्याची नोंद ऑनलाइन करता येते आणि त्यानंतर गाडीविषयीची जबाबदारी त्या विक्रेत्यावर येते. जीएसटी परिषदेच्या डिसेंबर 2024 मधील शिफारशीप्रमाणे अशा विक्रेत्याच्या नफ्याच्या रकमेवर 18 टक्के कर आहे. जीएसटी नोंदणी नसलेल्या दोन व्यक्तींमधील थेट व्यवहाराला तो लागत नाही. त्यामुळे विक्रेत्याकडे तीच गाडी थोडी महाग वाटते. मात्र नाव लावून देण्याचे लेखी बंधन मिळत असेल तर हा फरक सहन करण्याजोगा आहे.

थेट व्यवहार असल्यास फॉर्मवर नाव, तारीख आणि पत्ता समोरासमोर भरून, दोघांनी एकत्र अर्ज दाखल करून त्याची पोच घ्यावी. किमतीचा काही भाग नाव लागेपर्यंत राखून ठेवण्याची बोली विक्रेत्याला सुरुवातीला खटकते, पण धंद्यातले जाणते लोक ती मान्य करतात. गाडी कोणत्या दिवशी, किती वाजता ताब्यात दिली, हे पावतीवर लिहिलेले असावे. त्या दिवशी दुपारी झालेल्या अपघातात किंवा चलनात गाडी कोणाकडे होती, हे दाखवायला दोघांच्याही हाती तेवढाच कागद असतो. काचेवरचा फास्टॅग विक्रेत्याच्या खात्याला जोडलेला असतो. तो त्याने बंद करावा आणि खरेदीदाराने स्वतःच्या नावाचा घ्यावा; अन्यथा गाडी विकून महिना उलटला तरी टोलचे संदेश जुन्याच मालकाच्या मोबाइलवर येत राहतात.