उपाशी पेशी आणि जखमेचा वण

इंग्लंडचा नौदल अधिकारी जॉर्ज ॲन्सन १७४० साली जगप्रदक्षिणेला निघाला आणि १७४४ मध्ये परतला. वाटेत ताजी फळे व भाजीपाला मिळेना, आणि स्कर्व्हीने त्याचे खलाशी शेकड्यांनी मेले. त्या प्रवासाच्या वर्णनात एका वृद्ध सैनिकाची नोंद आहे. १६९० सालच्या बॉइनच्या लढाईत त्याला झालेल्या जखमा केव्हाच भरल्या होत्या. पन्नास वर्षांनी, जहाजावर, त्या पुन्हा उघडल्या.

हे कसे घडले? आपण वण म्हणजे कातडीला लावलेले कायमचे ठिगळ समजतो. खरे तर वणाची डागडुजी सतत चालू असते. त्यातला मुख्य पदार्थ कोलॅजेन हे प्रथिन. तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळून त्याचा दोर होतो. जुने कोलॅजेन विकरे तोडत असतात आणि नवे कोलॅजेन फायब्रोब्लास्ट, म्हणजे तंतुपेशी, बनवत असतात. दोराचा पीळ टिकण्यासाठी साखळीतील प्रोलीन या अमिनो आम्लावर एक रासायनिक प्रक्रिया व्हावी लागते, आणि तिला क जीवनसत्त्व लागते. ते नसेल तर पीळ शरीराच्या तापमानाला टिकत नाही. तोडणे चालू राहते, बांधणे थांबते.

अमेरिकेतील शल्यविशारद जॉन क्रँडन यांनी १९३९ मध्ये हा प्रयोग स्वतःवरच केला. सहा महिने त्यांनी क जीवनसत्त्व नसलेला आहार घेतला. तिसऱ्या महिन्यात पाठीवर मुद्दाम करवून घेतलेली जखम व्यवस्थित भरली. सहाव्या महिन्यातली मात्र वरून मिटलेली दिसली, पण आत भरली नव्हती. शिरेतून क जीवनसत्त्व दिल्यावर तीही भरली. विद्यार्थ्यांना यातले दोन्ही निकाल एकत्र सांगावेत. कमतरता लगेच दिसत नाही, हा धडा पहिल्या जखमेतच आहे.

अकोला जिल्ह्यात, मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावर वसलेल्या बाळापुरात शिक्षकांशी बोलताना मला एक नेमका प्रश्न विचारला गेला. कान टोचल्यावर काही मुलींच्या पाळीला गाठ येते आणि ती वाढतच जाते. उपवास केला तर ती विरघळेल का? या गाठीला केलॉइड म्हणतात. साधा वण जखमेच्या हद्दीत राहतो, केलॉइड हद्द ओलांडतो. तंतुपेशी काम संपल्यावरही थांबत नाहीत. मग त्यांचा शिधाच तोडला तर, हा विचार मुळीच वेडगळ नाही.

प्रयोगशाळेतल्या बशीत हे रोज घडते. तंतुपेशी वाढवायला सीरम लागते. सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव. ते काढून घेतले की पेशी विभाजन थांबवून स्वस्थ बसतात. डॉली मेंढीच्या जन्मासाठी (१९९६) वापरलेल्या कासेच्या पेशीही अशाच उपाशी ठेवून थांबवल्या होत्या. गंमत पुढे आहे. १९९९ मध्ये अमेरिकी संशोधकांनी उपाशी ठेवलेल्या मानवी तंतुपेशींना पुन्हा सीरम दिले आणि हजारो जनुकांचे वर्तन तपासले. जखम भरण्याच्या कामातली पुष्कळ जनुके जागी झाली! कारण सीरम हे केवळ अन्न नाही. रक्त गोठताना रक्तपट्टिका वाढीचे संदेश देणारी प्रथिने सोडतात. नेहमी वाहणाऱ्या रक्तद्रवात ती जवळजवळ नसतात. तेव्हा पेशीच्या दृष्टीने सीरम म्हणजे ‘येथे जखम झाली आहे’ अशी दवंडीच.

म्हणून बशीतला उपवास आणि माणसाचा उपवास एक नव्हेत. बशीत अन्न आणि संदेश दोन्ही जातात. माणूस जेवला नाही तरी रक्त रिकामे होत नाही. यकृतातला ग्लायकोजेनचा साठा साधारण एक दिवस पुरतो. नंतर स्नायूंतील प्रथिने मोडून अमिनो आम्ले रक्तात येतात. वणातल्या पेशीला कच्चा माल मिळतच राहतो, तोही दंडा-मांड्यांच्या खर्चाने. बदलतात ते संदेश: इन्सुलिन उतरते आणि पेशीला ‘बांधकाम करा’ सांगणारी यंत्रणा मंदावते. तेही खरोखर न खाल्ल्यास. साबुदाण्याची खिचडी, भगर आणि दाण्याची आमटी खाऊन केलेल्या एकादशीत इन्सुलिनला सुट्टी मिळत नाही. रमजानचा रोजा किंवा पर्युषणातला फक्त पाण्यावरचा उपवास या बाबतीत वेगळे.

उपाशी पेशी आणखी एक गोष्ट करते. ती आपलेच जुने भाग पिशव्यांत भरून पचवते. जपानचे योशिनोरी ओसुमी यांनी उपाशी यीस्टमध्ये अशा पिशव्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. या प्रक्रियेवरील संशोधनासाठी त्यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पेशीच्या आत साठलेले कोलॅजेनही या मार्गाने पचू शकते, म्हणजे वण कमी व्हायला हवा. पण यकृतात उलटही दिसले आहे: तिथल्या वण निर्माण करणाऱ्या पेशी याच मार्गाने साठवलेली चरबी जाळून ऊर्जा मिळवतात आणि जोमाने काम करतात. एकाच क्रियेचे दोन अवयवांत दोन परिणाम! उपवासाने केलॉइड बरा होतो असे कोणी छातीठोकपणे सांगितले तर त्याला यकृताचे विचारावे. सध्या त्यावर स्टेरॉइडची इंजेक्शने, दाब देणे, सिलिकॉनचे आवरण असे उपाय करतात. नुसता कापून काढला तर तो बहुधा परत येतो.

ताज्या जखमेची गोष्ट निराळी. तिथे तंतुपेशींनी काम करायलाच हवे. बराच काळ कमी आहारावर ठेवलेल्या उंदरांची जखम सावकाश भरते. जखमेपूर्वी काही आठवडे त्यांना पोटभर खाऊ घातले, तर ती चांगली भरते. शस्त्रक्रियेनंतर टाके ओले असताना नवस म्हणून उपवास धरणाऱ्यांना हे सांगावे. आणि आपल्या अमरावती जिल्ह्यातच, मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याला, उपाशी राहणे हे व्रत नसते. कुपोषित मुलाच्या पायाला लागलेली ठेच आठवडेच्या आठवडे चिघळते. त्याच्या तंतुपेशी निरोगी असतात, संदेशही पोचलेला असतो, प्रथिने मात्र नसतात. शाळेत पट्टी बांधताना त्या मुलाच्या डब्यात काय आहे हेही पाहावे. डाळ, अंडे, हंगामात एखादा आवळा असेल तर ती जखम बरीच लवकर भरेल.