ऑइलचा दिवा काय सांगतो, काय सांगत नाही

मे महिन्यातली दुपार. सोलापूरहून पुण्याला निघालेली एक टॅक्सी टेंभुर्णीच्या अलीकडे रस्त्याकडेला उभी राहिली, ती परत टोचन करूनच आणावी लागली. चालक आमच्या जुळे सोलापुरातला, ओळखीचा. मोडनिंब सोडल्यावर डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला. "म्हटलं, टेंभुर्णी काय, आलीच की. तिथं सावलीला लावून बघू," तो नंतर सांगत होता. तेवढ्या अंतरात इंजिन बसलं. मागे कुठेतरी दगड लागून चेंबरला तडा गेला होता आणि ऑइल थेंबाथेंबाने रस्त्यावर सांडत आलं होतं. गाडीचे दोन वर्षांचे हप्ते बाकी होते. त्याची तक्रार एकच होती, "ऑइल संपत आलं होतं तर सेन्सरनं आधी का नाही सांगितलं ओ?"

या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, पण बऱ्याच गाडीमालकांना ते माहीत नसतं. तेलाच्या झारीचं चित्र असलेला तो लाल दिवा ऑइल किती आहे ते मोजतच नाही. तो मोजतो दाब.

इंजिनाच्या तळाशी चेंबरमध्ये साधारण चार-पाच लिटर ऑइल असतं. पंप ते तळातून ओढतो आणि बारीक वाटांनी बेअरिंगांपर्यंत पोचवतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी, म्हणजे केसापेक्षाही बारीक. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर असताना क्रँक सेकंदाला ५० वेळा फिरतो, आणि धातूला धातू लागू न देण्याचं काम त्या फटीतला ऑइलचा पातळ थर करतो. गाडी वेगात असताना हा दाब सहसा दोन ते चार बार असतो. तो अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याखाली गेला की स्विच दिवा लावतो. आता ऑइल पाचाचं तीन लिटर झालं, तरी पंपाच्या नळीचं तोंड बुडालेलं असेपर्यंत दाब ठीकच राहतो. नळी हवा ओढू लागली की मग दिवा लागतो. म्हणजे तो लागतो तेव्हा बेअरिंग कोरडं पडायला सुरुवात झालेली असते. अशा वेळी गाडी पुढच्या गावापर्यंत न्यायची नसते. बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करायचं असतं. त्याआधी एखाद्या वळणावर किंवा जोरात ब्रेक दाबल्यावर दिवा क्षणभर लुकलुकून जातो. ऑइल चेंबरच्या एका बाजूला सरकतं आणि नळीचं तोंड उघडं पडतं, म्हणून. हा इशारा बहुतेक जण 'वायर लूज असेल' म्हणून सोडून देतात.

'सर्व्हिस ड्यू' हा संदेशसुद्धा पातळीचा नव्हे. बहुतेक गाड्यांत तो फक्त किलोमीटर आणि महिने मोजतो.

पातळी मोजणारा खरा सेन्सर वेगळा असतो. आपल्याकडच्या रोजच्या वापरातल्या बहुतेक गाड्यांत तो नाही. महागड्या गाड्यांत आहे. बीएमडब्ल्यूने तर २००५च्या सुमारास काही इंजिनांतून डिपस्टिकच काढून टाकली. या सेन्सरांचे तीन प्रकार आहेत आणि तिन्हींमागची युक्ती गंमतीची आहे. पहिल्यात एक तार क्षणभर तापवतात. गरम चहाचा पेला नुसता हवेत ठेवला तर उशिरा निवतो, पाण्यात ठेवला तर लवकर; तसाच तारेचा ऑइलमध्ये बुडालेला भाग लवकर निवतो. त्यावरून किती तार बुडाली आहे ते कळतं. दुसऱ्यात चेंबरच्या तळातून वर ध्वनिलहर सोडतात. ती ऑइलच्या पृष्ठभागावर आपटून परत येते. विहिरीत खडा टाकून पाणी किती खोल ते आपण आवाजावरून ओळखतो, तशातलाच हा प्रकार. फक्त इथे आवाज खालून वर जातो. ऑइलमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण १४०० मीटर. दहा सेंटिमीटर वर जाऊन परत यायला लहरीला सेकंदाचा सात हजारावा भाग लागतो. तिसऱ्या प्रकारात एकात एक बसवलेल्या दोन नळ्यांमध्ये विद्युतभार साठवतात. हवेपेक्षा ऑइल असताना तो दुपटीहून थोडा अधिक साठतो. ऑइल जुनं झालं, त्यात पाणी मिसळलं तर हे प्रमाणही बदलतं. त्यामुळे हा सेन्सर पातळीबरोबर प्रतीचाही अंदाज देऊ शकतो.

मोजणं वाटतं तितकं सरळ मात्र नाही. गाडी धावताना चेंबरमध्ये ऑइल डचमळत असतं, म्हणून संगणक बराच वेळ आकडे गोळा करून सरासरी काढतो. शिवाय ऑइल तापलं की फुगतं. चार लिटर ऑइल ६० अंशांनी तापलं तर सुमारे १७० मिलिलिटरने वाढतं. म्हणून सेन्सरबरोबर तापमान मोजण्याची सोयही असते, आणि इंजिन तापेपर्यंत, गाडी सपाट जागेवर येईपर्यंत तो आकडा दाखवत नाही. इथेच घोळ होतो. पडद्यावर 'ऑइल कमी' दिसलं, अर्धा लिटर घातलं, आकडा हलला नाही, म्हणून आणखी अर्धा लिटर घातलं. आकडा प्रत्यक्षात थोडी गाडी चालवल्यावर बदलणार होता. जास्त झालेलं ऑइल क्रँक घुसळतो, ताक घुसळावं तसा. त्याचा फेस होतो, फेसात हवा असते आणि दाब उलट कमीच होतो.

बीएस-सहा डिझेल गाडीवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. एप्रिल २०२० पासूनच्या या गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो अधूनमधून सुमारे ६०० अंशांपर्यंत तापून काजळी जाळतो. त्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडतं आणि त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. सात रस्ता ते आसरा चौक, आसरा चौक ते नवी पेठ, एवढंच रोजचं फिरणं असेल तर ही जाळण्याची क्रिया दर वेळी अर्धवट राहते. मग ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढते! गाडी ऑइल पीत नाही म्हणून मालक खूश, आणि आत ऑइल पातळ होत चाललेलं. डिपस्टिक वरच्या खुणेच्या पुढे भिजलेली दिसली आणि डिझेलचा वास आला, तर ऑइल बदलायला हवं.

माझं मत विचाराल तर सेन्सर असो वा नसो, डिपस्टिक असलेली गाडी भाग्यवान. गॅरेजवाले तिला 'गेज' म्हणतात. सपाट जागा, गरम इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबायचं, पट्टी पुसून पुन्हा पूर्ण आत घालायची आणि मग बघायचं. काही कंपन्या थंड इंजिनावर बघायला सांगतात. गाडीच्या पुस्तिकेत असेल ते खरं. दोन खुणांमधलं अंतर बहुतेक गाड्यांत साधारण एक लिटरचं असतं. पंधरा दिवसांतून एकदा, आणि लांब निघण्याआधी हमखास बघावं. दुचाकीवाल्यांना तर पर्यायच नाही. तिथे मुळात ऑइल लिटरभर, त्यातलं पाव लिटर कमी झालं तरी मोठा फरक पडतो.

पट्टी पुसलेलं फडकं मात्र खिशात कोंबू नका. वापरलेल्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली कर्करोगकारक रसायनं असतात. मँचेस्टरच्या दोन डॉक्टरांनी १९२२मध्ये सूतगिरणी कामगारांच्या अंडकोषाच्या त्वचेचा कर्करोग नोंदवला. चात्यांना घातलेलं खनिज तेल वर्षानुवर्षं त्यांच्या कपड्यांत मुरत होतं. गिरण्यांच्या या शहरात ही गोष्ट लक्षात राहायला हरकत नसावी. गॅरेजमध्ये काम करणाऱ्या पोरांचे हात कोपरापर्यंत काळे असतात आणि ते पेट्रोलने धुतले जातात. पेट्रोलने त्वचेतला स्निग्धांश निघून जातो आणि मग ऑइल आणखी सहज आत शिरतं. हातमोजे आणि साबण, एवढ्याने बरंच भागतं. जळकं ऑइल २०१६च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. गटारात ओतणं किंवा घराच्या वाशांना वाळवी लागू नये म्हणून चोपडणं, दोन्ही टाळलेलं बरं.

आमच्या त्या टॅक्सीवाल्याने जुनं इंजिन उतरवून दुसरं बसवलं, हप्ते अजून फेडतोय. त्याच्या सीटखाली आता जुन्या सोलापुरी टॉवेलचा एक तुकडा डब्यात घालून ठेवलेला असतो. तुळजापूरला निघायचं असलं तरी आधी बॉनेट उघडतो. घाईतलं गिऱ्हाईक वैतागतं, तो पट्टी पुसत राहतो.