लॅपटॉप बिघडण्यापूर्वीं

लॅपटॉपवर दोन निरनिराळीं संकटें येतात. कधीं यंत्र चालविणारी विंडोज बिघडते. कधीं आंत सांठविलेलीं कागदपत्रें व छायाचित्रें नष्ट होतात. एकाच उपायानें दोहोंचें निवारण होत नाहीं.

पहिल्यासाठीं 'रिकव्हरी ड्राइव्ह' करावा. विंडोजच्या शोधपट्टींत हें नांव लिहिलें असतां तशी सोय सांपडते. १६ ते ३२ जीबीचा पेनड्राइव्ह बहुधा पुरतो. मात्र त्यावरील जुना मजकूर पुसला जातो. 'सिस्टिम फाइल्स' घेण्याची खूण अवश्य करावी. एरव्हीं त्यावरून विंडोज पुन्हां बसवितां येत नाहीं. डिस्क 'बिटलॉकर'नें बंद असल्यास तिची ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून ठेवावी.

परंतु ह्या ड्राइव्हवरून विंडोज बसवितांना आपला खासगी संग्रह पुसला जातो. म्हणून त्याची प्रत निराळ्या डिस्कवर घ्यावी व काम संपतांच ती डिस्क यंत्रापासून सोडवावी. मग विजेचा झटका तिला बाधत नाहीं.

३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळानें आमच्या दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावरील माडपोफळी आडव्या केल्या, घरांचीं छपरें उडविलीं. अशा वेळीं मूळ व प्रत एकाच कपाटांत असल्यास दोन्ही भिजणार! मुरुडकरांचे आप्त मुंबई-पुण्यास असतातच. एक प्रत त्यांजकडे ठेवावी.

शेवटीं, प्रतींतील चारदोन फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्या. न पारखलेली प्रत असून नसल्यासारखीच होय.