शेजारच्या गुरुजींची नजर

आपल्या धड्यातली चूक आपल्याला दिसत नाही. शेजारच्या गुरुजींना ती चटकन दिसते. वर्गात मुलांचे चेहरे पाहून आपण सावरून तरी घेतो. इंटरनेटवरच्या अभ्यासक्रमात चेहरेच दिसत नाहीत. अडलेले पोर मुकाट्याने गळते.

यावर अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या महाविद्यालयांनी २००३ साली सरकारी अनुदानातून ‘क्वालिटी मॅटर्स’ ही तपासणी उभारली. तीन प्राध्यापक, त्यांतला निदान एक बाहेरच्या संस्थेतला, अभ्यासक्रम विद्यार्थ्याच्या नजरेने पाहतात: उद्दिष्ट स्पष्ट आहे का? परीक्षा त्याला धरून आहे का? उणीव सापडली तर उपाय सुचवतात. दुरुस्तीला मुदतही मिळते. ही परीक्षा शिक्षकाची नव्हे, मांडणीची.

मग आपणही आपली टाचणवही शेजारच्या गुरुजींपुढे ठेवायला काय हरकत आहे?